आभासी सृष्टी आणि उष्णतेची मर्यादा



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या मनात अशी शंका आली असेल की, हा विषय फार तर चार इंजिनियरांचा. वैशाखातल्या संध्याकाळी घरची गच्ची सोडून आपण तो ऐकावा असे त्यात काय आहे? शंका रास्त आहे. परंतु जे यंत्र उद्या आपल्या मुलांच्या डोळ्यांवर चढणार आहे, ते तापते का, तापल्यावर काय करते आणि त्यामुळे माणसाला घेरी का येते, हे समजून घेणे केवळ इंजिनियरांचे काम नव्हे. यंत्राच्या मर्यादा कारागिराने ओळखल्या नाहीत, तर त्यांचा भार शेवटी वापरणाऱ्याच्या शरीरावर पडतो. आजच्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. आभासी वास्तव म्हणजे दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रे दाखवून आपण निराळ्याच ठिकाणी उभे आहोत असा भास निर्माण करणे. डोळ्यांपुढे भिंगे असतात, भिंगांमागे पडदा असतो आणि डोके जसे वळेल तसे पडद्यावरचे चित्र वळते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा असा पडदा तयार केला होता. त्यात केवळ रेषांनी काढलेल्या आकृती दिसत, आणि यंत्र छताला टांगलेले असे. चित्रे आखणारे गणकयंत्र अर्थातच बाजूला, आपल्या जागी थंडपणे बसलेले असे.

पुढे गणकयंत्र लहान होत होत खिशात आले. २०१४ साली सॅमसंग कंपनीने ऑक्युलस या कंपनीच्या सहकार्याने ‘गिअर व्हीआर’ नावाचा हेडसेट काढला. त्यात आपला मोबाइल फोनच बसवायचा आणि तो डोळ्यांना बांधायचा. २०१८ साली ‘ऑक्युलस गो’ आला, २०१९ साली ‘क्वेस्ट’ आला. यांत फोनही वेगळा लागत नाही. सारे यंत्र आतच असते. छत गेले, तार गेली, बाजूचे गणकयंत्र गेले. ही मोठी प्रगती खरी. पण जे काम पूर्वी बाजूच्या पेटीत होत होते, ते आता माणसाच्या कपाळापुढे दोन बोटांवर होऊ लागले. आपला प्रश्न येथून सुरू होतो.

वीज जाते कोठे?

गणकयंत्र जी वीज घेते तिचे पुढे काय होते? पंखा वीज घेतो आणि वारा देतो. चक्की वीज घेते आणि पीठ देते. गणकयंत्राचे पीठ म्हणजे आकडे, आणि आकड्यांना वजन नसते. म्हणून त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १९४५ साली अमेरिकेत पुरे झालेले ‘एनिअॅक’ हे यंत्र सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ सुरू झाले, तेही काचेच्या निर्वात नळ्यांवरच चालणारे. अशा यंत्रांची उष्णता बाहेर घालवणे हा खोलीचा आणि वातानुकूलनाचा प्रश्न होता. आता खोली राहिली नाही. चेहरा मात्र आहे.

आजचे आकडे पाहा. २०१६ साली टेबलावरच्या गणकयंत्राला जोडून वापरायचा ‘रिफ्ट’ हा हेडसेट बाजारात आला. त्यासाठी चित्रे काढणारे जे कार्ड सुचवले होते, ते एकटेच १४५ वॅटपर्यंत वीज घेणारे होते. याउलट पंखा नसलेला मोबाइल फोन सतत बाहेर टाकू शकतो ती उष्णता ठोकळमानाने तीन ते पाच वॅट. म्हणजे तीसपट फरक. आणि अपेक्षा मात्र तीच की, डोळ्यांपुढे जग उभे करा. हा प्रकार एका शेगडीवर लग्नाची पंगत उठवण्यासारखा आहे. अशक्य नाही, पण त्यासाठी स्वयंपाक्याच्या अंगी निराळेच कसब लागते.

उन्हाळ्याचा हिशेब

शेगडी मोठी का करता येत नाही, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, बॅटरी लहान असते आणि उष्णतेने तिचे आयुष्य घटते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे, ते आपल्या कातडीचे. हार्वर्ड येथील मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली त्वचा भाजण्यास किती तापमान आणि किती वेळ लागतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४४ अंश सेल्सिअसच्या वस्तूचा अखंड स्पर्श सुमारे सहा तास राहिला तर तेवढ्यानेही त्वचेला इजा होते, असे त्यात दिसून आले. म्हणून अंगाला लागणाऱ्या यंत्राचा पृष्ठभाग चाळिशीच्या फार पुढे जाऊ देणे कोणत्याही शहाण्या उत्पादकाला परवडत नाही.

आता न्यूटनचा शीतनाचा नियम आठवा. तापलेली वस्तू किती उष्णता बाहेर टाकील, हे तिच्या व भोवतालच्या हवेच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. समजा, पृष्ठभाग ४३ अंशांपर्यंत जाऊ द्यायचा असे ठरवले. खोली २५ अंशांची असेल तर फरक १८ अंशांचा. तेवढ्या फरकात यंत्र चार वॅट बाहेर टाकते असे धरू. तेच यंत्र ३७ अंशांच्या खोलीत नेले तर फरक उरला सहा अंशांचा, म्हणजे एक तृतीयांश. आणि मिळकतही एक तृतीयांश, सुमारे सव्वा वॅट! मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या घरात जातो. तेथे उघड्यावर हे यंत्र चालवले तर ते हवेला उष्णता देण्याऐवजी हवेकडूनच घेऊ लागेल. अॅपल कंपनी आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश हवेचे तापमान योग्य म्हणून सांगते. आपला उन्हाळा त्या चौकटीत बसत नाही. थंड देशातील वातानुकूलित दालनात दोन मिनिटे चालवून ‘ठीक आहे’ असा शेरा मारलेला कार्यक्रम आपल्या एखाद्या पत्र्याच्या शाळेत अर्ध्या तासात का कोसळतो, याचे कारण या साध्या वजाबाकीत आहे.

उष्णतेपासून घेरीपर्यंत

कोसळतो म्हणजे काय होते? फोन तापला तर बोलताना हाताला चटका बसेल, फार तर खेळ हळू चालेल. पण डोळ्यांवर बांधलेल्या यंत्राचे तसे नाही.

घाटातून एस. टी. चालली असता वाचीत बसलेल्या माणसाला मळमळते, हा अनुभव पुष्कळांना आहे. डोळे पुस्तकाच्या स्थिर पानावर असतात, तर कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण वळत आहोत’ असे ओरडत असते. दोन साक्षीदारांची साक्ष जुळत नाही आणि त्या तंट्याची शिक्षा पोटाला होते. आभासी सृष्टीत हेच घडू शकते. माणसाने मान वळवली की कानाला ते तत्काळ कळते; चित्र जर मागाहून वळले तर साक्ष फुटली.

मान साधारण वेगाने, सेकंदाला १०० अंश फिरवली आणि चित्र ५० मिलिसेकंद उशिरा आले, तर जग पाच अंश मागे राहील. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी सुमारे दोन अंश भरते. म्हणजे समोरची भिंत अडीच अंगठे घसरल्यासारखी दिसेल. म्हणून हालचाल आणि चित्र यांत २० मिलिसेकंदांहून अधिक अंतर पडू नये, असा दंडक या क्षेत्रात सर्वमान्य झाला आहे.

शिवाय चित्रे ठरलेल्या ठोक्यावर यावी लागतात. गिअर व्हीआरमध्ये सेकंदाला ६० चित्रे लागत, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. पहिल्या क्वेस्टमध्ये ७२, म्हणजे १३.९ मिलिसेकंद. ९० चित्रे हवीत तर ११.१ मिलिसेकंदच हाती उरतात. हा हिशेब लोकल गाडीसारखा आहे. फलाटावर अर्धा मिनिट उशिरा पोचलात तर अर्ध्या मिनिटाचा तोटा होत नाही. सबंध गाडी चुकते आणि पुढचीची वाट पाहावी लागते. चित्र १३.९ ऐवजी साडेचौदा मिलिसेकंदांत तयार झाले तर ते आपल्या ठोक्याला मुकते. आणि असे प्रत्येक वेळी झाले तर ७२ ऐवजी ३६ चित्रेच दिसू लागतात.

आता साखळी पुरी करू. यंत्र तापले की स्वतःला वाचवण्यासाठी चिप आपल्या कामाचा ठोका मंद करते. ठोका मंदावला की चित्र वेळेत होत नाही. चित्र चुकले की जग थरथरते. जग थरथरले की कान आणि डोळे यांची साक्ष फुटते आणि माणूस हेडसेट काढून खुर्चीत डोके धरून बसतो. उष्णता आणि ओकारी यांच्यामध्ये एवढ्याच चार पायऱ्या आहेत.

या साखळीत मध्येच एक बांध घालता येतो. चित्र पडद्यावर जाण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी डोक्याची ताजी दिशा पाहून तयार चित्र तेवढेच सरकवून द्यायचे. ऑक्युलसमधील जॉन कारमॅक यांनी या उपायाचा पाठपुरावा केला आणि गिअर व्हीआरमध्ये तो पहिल्यापासून होता. नवे चित्र आले नाही तर जुनेच सरकवून वेळ मारून नेता येते. पण ही वेळ मारून नेणेच आहे. मान वळवण्याची चूक त्याने झाकते. समोरून धावणारे पात्र किंवा आपलाच हलणारा हात मात्र अडखळतच राहतो. ठिगळ लावता येते म्हणून कापड फाडू नये.

धाव आणि वारी

चिपच्या स्वभावाचा एक नियम येथे सांगितला पाहिजे. चिपला लागणारी शक्ती तिच्या ठोक्याच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगाने ठोके हवेत तर दाबही वाढवावा लागतो. म्हणून ठोका आणि दाब दोन्ही ८० टक्क्यांवर आणले तर शक्ती ८० टक्के न होता ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ५१ टक्केच लागते. पाचवा हिस्सा वेग सोडला तर निम्मी उष्णता वाचली! उलट शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागते.

फोनची चिप मूळची धावणाऱ्या गड्यासारखी घडवलेली असते. आपण बोट लावले की ती झपाट्याने काम करते आणि लगेच विसावते. आभासी सृष्टीचे काम मात्र वारीसारखे आहे. आळंदीहून निघालेला वारकरी पहिल्याच दिवशी धावत सुटला तर तो पंढरपूर गाठणार नाही. रोज निभेल अशी चाल त्याला धरावी लागते. हे ओळखूनच गिअर व्हीआरमध्ये कार्यक्रम लिहिणाऱ्याला आपली चाल आधीच मागून घ्यावी लागे. हिशेब करणारा भाग आणि चित्रे काढणारा भाग, दोहोंसाठी शून्य ते तीन अशा पायऱ्या होत्या. वरची पायरी मागणाऱ्याला वेग मिळे, पण फोन लवकर तापे, आणि अखेर ‘फोन थंड होऊ द्या’ अशी सूचना येऊन खेळ थांबे. खालच्या पायरीवर आपले काम बसवणारा तोच चांगला कारागीर.

कारागिराचे उपाय

मग काम बसवायचे कसे? यातील मुख्य उपाय आपल्या घरगुती शहाणपणापासून फार दूर नाहीत.

पहिला उपाय, खेपा कमी करा. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूसाठी ‘ही काढ’ असा एक हुकूम सुटतो. पंगतीत वाढपी प्रत्येक पानासाठी एक एक पुरी आणायला स्वयंपाकघरात जाऊ लागला तर पुऱ्यांपेक्षा त्याच्या पायांचेच श्रम अधिक होतील. त्याने परात भरून घ्यावी हे बरे. गिअर व्हीआरच्या काळात एका चित्रामागे ५० ते १०० हुकूम आणि ५० हजार ते एक लाख त्रिकोण, एवढ्यात भागवावे असा सल्ला दिला जाई. सारख्या रंगरूपाच्या वस्तू एकत्र बांधणे आणि दोन्ही डोळ्यांची चित्रे एकाच हुकमात काढून घेणे, या युक्त्या त्यातूनच रूढ झाल्या.

दुसरा उपाय, जे आधी करता येते ते आधी करून ठेवा. उन्हाळ्यात पापड-कुरडया घालून ठेवणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व सांगण्याची गरज नाही. भिंतीवर पडणारा प्रकाश जर बदलत नसेल, तर तो दर सेकंदाला ७२ वेळा मोजण्यात काय शहाणपण? तो कारखान्यातच मोजून भिंतीच्या रंगात मिसळून ठेवावा. जे पाठीमागे आहे किंवा भिंतीआड लपले आहे ते काढूच नये. जे दूर आहे ते ढोबळ काढावे.

तिसरा उपाय, ने-आण कमी करा. पुष्कळ उष्णता हिशेब करण्यात नव्हे, तर आकडे स्मृतीच्या कोठारातून आणण्यात आणि परत ठेवण्यात निर्माण होते. म्हणून मोबाइलमधील चित्रकार सबंध पडदा एकदम न रंगवता त्याच्या लहान लहान चौकटी करतो आणि एकेक चौकट हाताशी घेऊन पुरी करूनच कोठारात पाठवतो. या पद्धतीत कडा गुळगुळीत करणे स्वस्तात पडते. पण सबंध चित्र पुरे झाल्यावर त्यावर धुके किंवा चकाकी यांचा आणखी एक हात फिरवायचा म्हटले की सगळ्या चौकटी परत आणाव्या लागतात. पहिल्या क्वेस्टचा पडदा प्रत्येक डोळ्याला १४४० गुणिले १६०० ठिपक्यांचा. दोन डोळे आणि सेकंदाला ७२ चित्रे धरली तर ठिपके झाले सुमारे ३३ कोटी. एक हात फिरवायचा म्हणजे दर सेकंदाला ३३ कोटी ठिपके आणायचे आणि तितकेच ठेवायचे. टेबलावरच्या यंत्रात जी शोभा जवळजवळ फुकट मिळते ती येथे अशी महाग पडते. एकावर एक पारदर्शक धुराचे थर चढवणेही याच कारणाने टाळतात.

चौथा उपाय डोळ्याच्या रचनेतूनच निघाला. आपली नजर अत्यंत तीक्ष्ण असते ती मध्यभागी, दोनएक अंशांत. कडेला ती अंधुकच असते. शिवाय हेडसेटची भिंगेही कडेला चित्र पुसट करतात. मग कडेचे चित्र मध्यासारखे कोरीव काढण्यात श्रम का घालवायचे? २०१८ सालच्या ऑक्युलस गोपासून कडेचा भाग जाणून ढोबळ काढण्याची सोय मिळू लागली.

पाचवा उपाय मापनाचा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. कार्यक्रम थंड यंत्रावर दोन मिनिटे चालवून काही कळत नाही. तो अर्धा-पाऊण तास, गरम खोलीत, जुन्या यंत्रावर चालवून पाहावा. २०२० सालच्या अँड्रॉइड ११ पासून यंत्रालाच ‘अजून किती वाव आहे?’ असे विचारता येते. उत्तरादाखल एक आकडा मिळतो आणि तो एकावर पोचला की ठोका जोरात कापला जाण्याची वेळ आली असे समजायचे. पुढील काही सेकंदांचा अंदाजही तो देतो. हा आकडा चढू लागताच कोणते अलंकार प्रथम उतरवायचे, हे कारागिराने आधी ठरवून ठेवलेले असावे: सावल्या उतरवा, दूरची झाडे उतरवा, चित्राची बारकाई थोडी घटवा, पण चित्राचा ठोका चुकू देऊ नका. संसारात कडकी आली म्हणजे दागिना आधी मोडतात, चूल शेवटपर्यंत विझू देत नाहीत. तसेच हे आहे.

दोन शंका

येथे कोणी म्हणेल, एवढी काटकसर कशाला? पुढच्या वर्षी याहून चांगली चिप येईलच. ती येते हे खरे. पण १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखवलेला जो नियम होता, की ट्रान्झिस्टर लहान केले तरी तेवढ्याच जागेत तेवढीच उष्णता राहते, तो २००५ च्या सुमारास मोडकळीस आला. त्याआधीच, २००४ साली, इंटेल कंपनीने चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम काढण्याचा बेत सोडून दिला होता. तेव्हापासून लहान चिप म्हणजे थंड चिप हे समीकरण राहिले नाही. शिवाय भूकही वाढते. २०२३ सालच्या क्वेस्ट ३ चे ठिपके पहिल्या क्वेस्टच्या जवळजवळ दुप्पट आहेत. उत्पन्न वाढले आणि खर्चही तितकाच वाढला, तर शिल्लक पूर्वीइतकीच.

दुसरी शंका, पंखा बसवा किंवा ओझे बाहेर काढा. तेही झाले आहे. क्वेस्टमध्ये लहानसा पंखा आहे. २०२४ साली आलेल्या अॅपलच्या ‘व्हिजन प्रो’मध्ये पंखे आहेत आणि बॅटरी तर तारेने जोडून खिशात ठेवावी लागते. यांनी मर्यादा पुढे सरकली, नाहीशी झाली नाही. चित्रे दूरच्या मोठ्या यंत्रावर काढून बिनतारी पाठवावीत, असाही एक मार्ग आहे. पण त्या प्रवासात वेळ जातो आणि आलेले चित्र उलगडायलाही चिपला श्रम पडतातच. पंखा असो वा नसो, भोवतालच्या हवेशी करायची ती वजाबाकी कोणालाच चुकत नाही.

तात्पर्य काय? या क्षेत्रात वैभव दाखवण्याचा मोह फार आहे. चकाकते पाणी, हजारो झाडे, आकाशात उसळणारा धूर पाहून पहिल्या दोन मिनिटांत पाहणारा थक्क होतो. परंतु तिसाव्या मिनिटाला त्याचे डोके दुखू लागले, तर त्या थक्क होण्याला काय किंमत? ज्याच्यापाशी सर्वांत महाग यंत्र आहे आणि ज्याची खोली थंड आहे, त्याला कारागिराच्या उधळेपणाची झळ शेवटी लागते. ज्याच्यापाशी जुने, स्वस्त यंत्र आहे आणि डोक्यावर पत्रा आहे, त्याला ती सर्वांत आधी लागते. वर्गातली मुले हृदयाची रचना आत शिरून पाहणार असतील, किंवा परिचारिका रुग्णाला हात लावण्यापूर्वी येथे सराव करणार असतील, तर त्यांना झाडांचे एक एक पान नको आहे. स्थिर उभे राहणारे जग हवे आहे.

म्हणून वॅटांची ही काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. ती समोरच्या माणसाविषयीची काळजी आहे. आपली मुले हे शास्त्र शिकतील तेव्हा त्यांनी आपला कार्यक्रम एकदा तरी मे महिन्याच्या दुपारी, पंखा बंद करून, स्वतःच्या डोळ्यांवर अर्धा तास चालवून पाहावा आणि मगच तो दुसऱ्याच्या हाती द्यावा, एवढे आपण त्यांना अवश्य सांगावे.